टिचकीचे ठिपके

जिमनॅस्टिक्सच्या क्लबात कपडे बदलायच्या खोलीबाहेर, पाण्याच्या नळाशेजारी, एक निळी लाकडी पेटी टांगलेली होती. तिला वरून फट, खाली छोटं कुलूप, आणि त्या कुलपाची किल्ली बाईंच्या चष्म्याच्या घरात. पेटीवर बाईंनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'मनातलं इथे टाका. नाव नको.'

बाई म्हणजे नुसत्या क्लबाच्या नव्हेत. अडतीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत भाषा शिकवली होती. भाजीवाल्यापासून दाताच्या डॉक्टरापर्यंत निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. निवृत्त झाल्यावर घरी बसून भिंतींना व्याकरण शिकवायची वेळ आली, तेव्हा क्लबाने त्यांना बोलावलं. मुलींना काही खुपत असलं, सलत असलं, तर ऐकून घ्यायला विश्वासाचं मोठं माणूस हवं होतं. बाईंनी होकार दिला, पेटी करून घेतली आणि त्या दिवसापासून पुन्हा वेळेवर जेवू लागल्या.

दर शुक्रवारी चार वाजता त्या पेटी उघडायच्या. 'पाण्याला गंजाचा वास येतो.' 'उंटीन माझी क्लिप घेते आणि देत नाही.' 'बीमवर चढताना भिती वाटते.' बाई लाल पेनाने 'उंटीन'ची 'उंटीण' करायच्या, 'भिती'ची 'भीती' करायच्या, खाली उत्तर लिहायच्या आणि चिठ्ठी भिंतीवर टाचायच्या. 'क्लिप परत मिळेल. भीतीचा भी दीर्घ. भीती लांबलचक असते, म्हणून लक्षात ठेवा.' मग सहा वाजता, सराव संपल्यावर, मोठ्या तुकडीच्या बारा मुली घामेजल्या अंगांनी गादीवर बसायच्या आणि बाई त्यांची पंधरा मिनिटं घ्यायच्या: आधी एखादी गोष्ट, मग फळ्यावर आठवड्याची चूक. मुलींना ते आवडायचं. दिवसभरात त्या पंधरा मिनिटांतच काय ते त्यांना पाठ टेकायला मिळायची.

पेटीत नाव नसायचं, पण बाईंना नावाची गरजच नव्हती. कुणाचा 'क' कुबड काढतो, कुणाचा 'श' स्वतःलाच गाठ मारून घेतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्या कुणाला सांगत नसत, हे मात्र खरं.

तुकडीत सगळ्यांत लहान होती ती टिचकी. दहा वर्षांची, इतकीशी, की टिचकी मारली तर उडून जाईल, म्हणून ते नाव. तिची आई बसमध्ये कंडक्टर होती. तिची पाळी साडेसहाला संपायची, तोवर लेकीला ठेवायला क्लबाशिवाय दुसरी जागा नव्हती. टिचकीचं अक्षर मोत्यासारखं, पण एक खोड होती. दुखणं लिहायचं झालं की ती मध्ये विसर्ग टाकायची. 'पाय दुःखतो.' 'डोकं दुःखतं.' मुलींनी त्याला 'टिचकीचे ठिपके' असं नावच पाडलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी बाईंनी तिला नळाजवळच्या बाकावर बसवून समजावलं होतं.

"हे बघ, शरीराचं असलं की दुखतं. त्यात ठिपके नाहीत. मनाचं असलं की दुःख. त्याला दोन ठिपके. दोन डोळे समज, रडून रडून बारीक झालेले."

टिचकीने विचार केला. "आणि बाई, दोन्ही असलं तर?"

"दोन्ही असलं तर आधी दवाखान्यात जायचं," बाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. उत्तर त्यांना इतकं आवडलं की घरी जाऊन त्यांनी ते वहीत उतरवून ठेवलं.

त्या शुक्रवारी पेटीत चारच चिठ्ठ्या होत्या. चौथी पाच वेळा घडी घालून बोटाच्या पेराएवढी केलेली.

'पाय फाकवून बसले की सर पाठीवर बसतात. मांडीत दुःखतं. परवा आवाज आला. दुःखतं सांगितलं की उजळणी देतात. कोणाला सांगू नका.'

बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. त्याच वेळी हातातलं लाल पेन, अडतीस वर्षांच्या सवयीने, दोन्ही ठिकाणच्या ठिपक्यांभोवती गोल करून मोकळंही झालं. ते पाहून त्या स्वतःवरच चरकल्या. ही चिठ्ठी भिंतीवर जायची नव्हती. ती कुणाच्या नजरेलाही पडायची नव्हती.

आणि इथे बाईंनी फार विचार करून एक काम केलं. कोऱ्या कागदावर त्यांनी ती चिठ्ठी स्वतःच्या अक्षरात उतरवली, शुद्ध करून, ठिपके काढून, म्हणजे अक्षरावरून कुणी पोरीपर्यंत पोचायला नको. मूळ चिठ्ठीचे बारीक बारीक तुकडे करून त्यांनी ते नळाखालच्या मोरीत सोडले आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. आपण किती सावध आहोत, असं त्यांना वाटलं.

मग त्या सरांकडे गेल्या. सर सामानाच्या खोलीत खडूच्या भुकटीची पिशवी फोडत होते. अख्ख्या क्लबाचे ते सर. बाईंचा मात्र तो विद्यार्थी. आठव्या वर्षी त्याचं अक्षर म्हणजे खेकडा शाईत पाय बुडवून कागदावर फिरला असावा असं. 'उजळणी' हा शब्दही त्याने बाईंच्याच वर्गातून उचललेला. वर्गात उजळणी म्हणजे पाढे पुन्हा म्हणायचे. इथे उजळणी म्हणजे सगळ्या उड्या पुन्हा दहा वेळा.

बाईंनी कागद वाचून दाखवला. सरांनी शांतपणे ऐकलं.

"कोण?"

"पेटीत नाव नसतं."

"बाई, तुम्हाला नाव लागतं कुठे? तुम्ही तर वेलांटीवरून ओळखता."

"ओळखलं तरी सांगणार नाही. अरे, पोरींच्या पाठीवर बसतोस? आवाज येईपर्यंत?"

सरांनी हात झटकले. पांढरी धूळ उडाली. "बाई, तुमची लाकडी पट्टी आठवते? उभी धरून मारायचात. इथे, बोटांच्या सांध्यांवर."

बाईंनी कागदाची घडी घातली.

"हिवाळ्यात तर जीव जायचा. पण अक्षर सुधारलं की नाही माझं? तुम्हीच सांगा. मी कधी घरी जाऊन सांगितलं? मी तर सगळ्यांना सांगतो, बाईंनी घडवलं म्हणून." तो हसला. त्यात राग नव्हता, हेच वाईट होतं. "बरं, तुम्ही म्हणताय तर जपून करीन. एवढी तपासणी होऊन जाऊ दे."

दहा दिवसांनी क्रीडा संघटनेच्या तपासनीस मॅडम येणार होत्या. मुलं जिथे सुरक्षित आणि आनंदी, अशा क्लबांना त्या पितळी पाटी देत. अर्जात निळ्या पेटीचा फोटो पहिल्या पानावर लावला होता.

"शब्द दे मला," बाई म्हणाल्या.

"दिला, बाई." त्याने मान खाली घातली, अगदी आठव्या वर्षी घालायचा तशी. बाईंचा जीव भांड्यात पडला.

सहा वाजता मुली गादीवर बसल्या. बाईंनी गोष्ट सांगितली, पण त्यांचं मन गोष्टीत नव्हतं. मन नसलं म्हणजे माणसाचं काम हातच करतात. बाई फळ्याकडे वळल्या, खडू उचलला आणि नेहमीसारखं मोठ्या अक्षरात लिहिलं: 'आठवड्याची चूक.' त्याखाली 'दुःखतं', त्यावर फुली. शेजारी 'दुखतं'.

"शरीराचं असलं की..." त्यांनी सुरुवात केली.

मागून उंटीण खिदळली. ती तुकडीची कप्तान, तेरा वर्षांची, सगळ्यांपेक्षा हातभर उंच. "बाई, हे तर टिचकीचे ठिपके."

"टिचकीचे ठिपके, टिचकीचे ठिपके," आणखी दोघीतिघींनी री ओढली. अकरा माना टिचकीकडे वळल्या. टिचकी हसली नाही. ती फळ्याकडे बघत होती, मग तिने दाराकडे बघितलं.

दारात सर उभे होते. टॉवेलने एकेक बोट पुसत होते.

बाईंच्या हातातला खडू मोडला. "ही चूक सगळेच करतात," त्या घाईघाईने म्हणाल्या. "मोठी माणसंही करतात. मीसुद्धा लहानपणी..."

"तुम्ही कशाला कराल, बाई," सर दारातून म्हणाले. "चला गं, पाणी प्या आणि घरी पळा."

दुसऱ्या दिवशी सरांनी कुणाला हात लावला नाही. आवाजही चढवला नाही. बाराही जणींना रांगेत उभं केलं आणि म्हणाले, "आपल्यातल्या एकीला दुखतं. दुखतं तर विश्रांती पाहिजे. काय बाई?" बाई नळाजवळ उभ्या होत्या. "टिचकी, तू बाकावर बस. तुझ्या वाट्याच्या उड्या तुझ्या मैत्रिणी मारतील. मैत्रिणी असतात कशाला?"

टिचकी बाकावर बसली. अकराजणींनी आपापल्या उड्या मारल्या आणि मग तिच्या वाट्याच्या मारल्या. उंटीण मोठ्याने मोजत होती: "ही टिचकीची एक. ही टिचकीची दोन." वीस झाल्या तेव्हा एकीला उमासे आले. चाळीस झाल्या तेव्हा एकीचं मनगट लचकलं आणि ती बाकाजवळून जाताना हळूच म्हणाली, "मेलीस तरी बरं होईल."

मंगळवारपासून नवा खेळ सुरू झाला. बीमवर चढण्याआधी हाताला खडू लावायचा, बाकामागून जाताना दोन बोटं टिचकीच्या पाठीवर टेकायची, एकाखाली एक. काळ्या कपड्यावर दोन पांढरे ठिपके. दिवसाअखेर तिची पाठ चांदण्यांनी भरलेल्या आभाळासारखी व्हायची. बाईंनी एकदा ओला रुमाल घेऊन ती पुसायला सुरुवात केली, तर टिचकी अंग चोरून म्हणाली, "राहू द्या ना, बाई. तुम्ही पुसलं की उद्या जास्त लावतात."

बाईंनी मुलींवर डोळे वटारले. मुली बाईंसमोर करायच्या थांबल्या आणि मागे दुप्पट करू लागल्या.

"अरे, हे काय चालवलंयस?" बाईंनी सरांना गाठलं.

"दुखणाऱ्या मुलीला विश्रांती दिली. चिठ्ठीत हेच मागितलं होतं ना? यात माझं चुकलं कुठे, ते लाल पेनाने दाखवा."

बाई तडक अध्यक्षांकडे गेल्या. क्लबाचे अध्यक्ष दाताचे डॉक्टर होते, तेही बाईंचेच विद्यार्थी. दवाखान्यात एक माणूस आ वासून खुर्चीत पडला होता. अध्यक्षांनी हातात आरसा तसाच धरून सगळं ऐकलं.

"मूळ चिठ्ठी आणलीत?"

बाईंनी कागद पुढे केला. अध्यक्षांनी तो खालीवर केला.

"बाई, हे तर तुमचं अक्षर. मी झोपेतही ओळखीन."

"मी उतरवून घेतली. पोरीचं नाव फुटू नये म्हणून. मूळ फाडून टाकली."

"आणि शुद्धलेखनही तपासलंत." ते हसले नाहीत, पण खुर्चीतला माणूस आ वासलेल्या तोंडाने घशात हसला. "दहा वर्षांची मुलगी इतकं शुद्ध लिहिते असं कुणाला सांगू? उद्या सर म्हणतील, बाईंनी मनाने लिहिलं. सोमवारी तपासणी आहे. त्यानंतर बघू ना निवांत." आणि ते त्या माणसाच्या दाढेकडे वळले.

राहता राहिली आई. शुक्रवारी साडेसहाला ती खाकी कपड्यातच लेकीला न्यायला आली. बाईंनी तिला नळाजवळ बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. चिठ्ठी, पाठीवर बसणं, बाक, उड्या. आईचा चेहरा उतरला. तिने तिथूनच हाक मारली, "टिचके, इकडे ये. तुझी मांडी दुखते का गं?"

सर चार पावलांवर गादी गुंडाळत होते. ते थांबले नाहीत. उंटीण बूट घालत होती, ती मात्र थांबली.

"नाही," टिचकी म्हणाली.

"खरं सांग. बाई म्हणतात..."

"बाईंनाच वाटतं तसं. मला काही होत नाही. आई, मला बाकावर नाही बसायचं. सरांना सांग ना, मला परत घ्या म्हणून. सांग ना गं."

आईने बाईंकडे बघितलं. दिवसभर उभ्याने तिकिटं फाडून आलेल्या आईला जे ऐकायचं असतं, तेच लेकीने सांगितलं होतं. "याची फार हौस आहे हो हिला," ती अपराधीपणे म्हणाली आणि सरांकडे गेली.

सर गुडघ्यावर बसून टिचकीच्या उंचीला आले. "म्हणजे आता दुखत नाही?"

"नाही, सर."

"शाबास. मग सोमवारी मॅडमना दाखवू आपण. आणि पेटीतही टाक तसं. बाईंना बरं वाटेल."

सोमवारी तपासनीस मॅडम आल्या. मध्यम वयाच्या, बोलायला गोड, पायात मऊ बूट. त्यांनी गाद्या दाबून पाहिल्या, नळाचं पाणी चाखलं, औषधाची पेटी उघडली. मग म्हणाल्या, "आणि ही ती प्रसिद्ध निळी पेटी." बाईंनी चष्म्याच्या घरातून किल्ली काढली. कुलूप तिसऱ्या खेपेला उघडलं.

आत बारा चिठ्ठ्या होत्या. मॅडमनी वरचीच उचलून मोठ्याने वाचली: "'मला इथे काही दुखत नाही. मी आनंदी आहे.'" त्यांनी कागद बाईंना दाखवला. मोत्यासारखं अक्षर. ठिपके नाहीत. एवढ्या वर्षांत त्या हाताने पहिल्यांदाच तो शब्द बिनचूक लिहिला होता.

"किती शुद्ध लिहितात तुमच्या मुली. कोण शिकवतं?"

"आमच्या बाई," सर म्हणाले. "मलाही त्यांनीच शिकवलं."

बाईंच्या लक्षात आलं की बोलायचं असेल तर ते आत्ता. पुढच्या शुक्रवारी नाही, निवांत नाही. त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, ही चिठ्ठी खोटी आहे. त्या लहान मुलीच्या मांडीत दुखतं. तिने मला लिहून कळवलं होतं."

मॅडमनी टिचकीला जवळ बोलावलं आणि मायेने विचारलं, "बाळ, घाबरू नको. दुखतं का तुझं?"

टिचकीने मॅडमकडे बघितलं, सरांकडे बघितलं, अकराजणींकडे बघितलं. मग शेवटी बाईंकडे. त्या नजरेत राग नव्हता. चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाकडे शिक्षक बघतात, तशी ती बाईंकडे बघत होती.

"नाही दुखत," ती म्हणाली. "दाखवू?"

आणि कुणी काही म्हणायच्या आत ती गादीच्या मधोमध गेली, दोन्ही हात वर केले, एक पाय पुढे, एक पाय मागे सरकवत खाली बसू लागली. शेवटची चार बोटं उरली तिथे अडली. सर मागे आले, दोन्ही तळवे तिच्या कमरेवर ठेवले, अगदी हलके, आणि दाबले.

आवाज बाईंनी ऐकला. पातळ पट्टी मोडावी तसा. टिचकीच्या चेहऱ्यावरचं हसू जागचं हललं नाही. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, मग अकराजणींनी वाजवल्या, सर्वांत जास्त उंटिणीने. टाळ्या थांबल्या तरी टिचकी तशीच बसून होती, हात वर. तिला उठताच येत नव्हतं.

"लाजते," सर म्हणाले आणि तिला उचलून कपडे बदलायच्या खोलीत घेऊन गेले.

मॅडमची गाडी गेल्यावर सरांनीच तिला दवाखान्यात नेलं, स्वतःच्या गाडीतून. मांडीच्या मुळाशी फाटलं होतं. तीन महिने पाय टेकायचा नाही. क्लबाच्या नोंदवहीत लिहिलं गेलं: 'शाळेत पडली.' आई दवाखान्यात धावत आली तेव्हा सर टिचकीला पेल्याने पाणी पाजत होते. आईने त्यांचे दोन्ही हात धरले. "सर, तुम्ही होतात म्हणून," ती म्हणाली आणि रडली. बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं. आईनेच त्यांना थांबवलं. "तुम्ही नका बोलू आता, बाई. तुम्ही तसं बोलला नसतात, तर पोर दाखवायला गेली नसती."



गुरुवारी पाटी आली. चकचकीत पितळी. 'सुरक्षित आणि आनंदी मुलांचा क्लब.' ती नळाजवळ, पेटीच्या वर, चार स्क्रूंनी बसवली. तिच्याखालीच बाक होता, आणि बाकावर, पाय दुसऱ्या स्टुलावर लांब ठेवून, टिचकी. आईची पाळी साडेसहालाच संपत होती. पोरीला ठेवायला दुसरी जागा अजूनही नव्हती. तिच्या वाट्याच्या उड्या अकराजणी अजून मारत होत्या, आणि येता-जाता पाठीला दोन बोटं टेकत होत्या. आता ती अंगही चोरत नव्हती.

शुक्रवारी चार वाजता बाई पेटीपाशी गेल्या. जावं की नाही, याचा त्यांनी घरी बराच विचार केला होता. टिचकी हातभर अंतरावर बसली होती, समोरच्या आरशात बघत.

"बरं आहे का गं?" बाईंनी विचारलं.

"हो, बाई."

बाईंनी कुलूप उघडलं. चिठ्ठ्या होत्या. त्यांनी पहिली उलगडली. कागदावर एकही शब्द नव्हता, फक्त पेन्सिलीने काढलेले दोन ठिपके, एकाखाली एक. गादीकडून दबकं हसणं ऐकू आलं. दुसरी उलगडली. दोन ठिपके. तिसरी, चौथी. बाई उलगडत गेल्या आणि एकेक चिठ्ठी पेटीच्या झाकणावर ठेवत गेल्या. उंटिणीची कल्पना असणार, त्यांनी मनात म्हटलं. अकराही जणींनी टाकलं.

मग त्यांनी चिठ्ठ्या मोजल्या. बारा होत्या.

त्यांनी पुन्हा मोजल्या. मग चष्मा पुसून एकेक चिठ्ठी खिडकीच्या उजेडात धरली. बारावे ठिपके खऱ्या दुःखाचे होते, पण ते नेमके कोणत्या कागदावर होते? निम्म्या गावाचं अक्षर वेलांटीवरून ओळखणाऱ्या बाईंनी बाराही कागद उलटसुलट करून पाहिले. ठिपक्याला वळण नसतं. कोणतेही दोन ठिपके कुणाच्याही हातचे असू शकतात.

त्यांनी बाकाकडे बघितलं. टिचकी आरशातच बघत होती.

"चला बाई, सहा वाजता फळा तयार ठेवतो," सर लांबून म्हणाले.